एक्केचाळीस नंबरची सीडी

पप्पांनी हावळ सरांच्या दोन्ही गालांना फेस लावला, वस्तऱ्यात नवं पातं घातलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "सत्तावीस. दुसरं."

म्हणजे सत्तावीस नंबरच्या सीडीतलं दुसरं गाणं. हावळ सरांची दाढी गेली नऊ वर्षं त्याच गाण्यावर होत होती. मी स्टुलावर बसले होते, मांडीवर नवाकोरा स्पीकर, जेवणाच्या डब्याएवढा, आणि त्याच्या पाठीत खोचलेला पेनड्राइव्ह, माझ्या करंगळीएवढा. त्या करंगळीत पप्पांच्या तीनशे अठरा सीड्या होत्या. बाकावर सहा गिऱ्हाइकं बसली होती आणि सगळी माझ्याकडं बघत होती. मी एकदा घसा खाकरला, जसं काही मीच गाणार होते, आणि बटण दाबलं.

"नमस्कार, पशुपालक बंधूंनो," स्पीकर म्हणाला. "आज आपण दुभत्या म्हशीच्या कासेची निगा कशी राखावी, हे पाहू."

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी सातवीत होते आणि मला सगळं येतं अशी माझी खात्री होती. आता मी दहावीत आहे. खात्री अजून तशीच आहे, फक्त आता मी प्रत्येक गोष्टीची एक कॉपी ठेवते.

आमचं दुकान जयसिंगपुरात, सातव्या गल्लीत. न्यू टिपुगडे हेअर ड्रेसर्स. जुनं असं कधी नव्हतंच, पहिल्या दिवसापासून न्यू. दुकानात खुर्ची एक, आणि तिच्या समोरच्या भिंतीवर आरसा नव्हे, सीड्यांची मांडणी. आरसा बाजूला, हातभर. माणूस खुर्चीत बसला की त्याला स्वतःचं तोंड कमी आणि पप्पांच्या सीड्या जास्त दिसायच्या. प्रत्येक डबीवर पांढऱ्या रंगानं नंबर. पण कुठल्या नंबरात काय आहे आणि ते कुणाचं, हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. ते पप्पांच्या डोक्यात होतं. कारण पप्पांची पद्धतच तशी. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की त्याचं गाणं सुरू. गाणं आणि दाढी एकदमच संपायची. समोर नवीन एसी सलून झालं, तिथं मोठा आरसा, मोठा टीव्ही आणि दिवसभर एकच धडधड. पप्पा म्हणायचे, तिथं सगळ्यांची डोकी एकाच गाण्यावर भादरतात.

तरीही समोर गर्दी वाढत होती आणि आमचा बाक मोकळा पडत होता. एक माणूस मात्र कधी हलला नाही. खरं तर तो एकच माणूस सारखा हलायचा. नाना चौगुले.

नाना साखर कारखान्यात काट्यावर होते, म्हणजे उसाच्या गाड्या वजन करायला. छत्तीस वर्षांत त्यांच्या वजनात पावशेराचा फरक निघाला नाही, असं ते स्वतः सांगायचे आणि बाकीचेही सांगायचे. रिटायर झाल्यावर त्यांना कंपवात झाला. हात हलायचे, त्याच्यामागून मान हलायची. घरी मुलगा दाढी करायला गेला तर रक्त निघालं. समोरच्या सलूनवाल्यानं हात जोडले. मशीन लावू का म्हटलं तर नाना म्हणाले, मशिननं शेळ्या भादरतात. पण आमच्याकडं पप्पा एक्केचाळीस नंबरचं तिसरं गाणं लावायचे, आणि नाना थांबायचे. खरंच थांबायचे. हात मांडीवर, जरा वर उचललेले, मान ताठ, डोळे मिटलेले. पाच-साडेपाच मिनिटं. नंतर ते गाणं वेगात जायचं आणि नाना पुन्हा सुरू. त्याच्या आत पप्पांनी दोन्ही गाल, गळा आणि हनुवटी उरकलेली असायची. मिशी मात्र प्रत्येक वेळी एका बाजूनं राहायचीच. दर रविवारी नाना सकाळी नऊला यायचे आणि एक मिशी वस्तऱ्यानं कोरून, एक तशीच ठेवून घरी जायचे.

आणि मग दिवाळीनंतर सीडी प्लेयर मेला.

दुरुस्तीवाल्यानं आतली काच बघितली आणि आता हे पार्ट येत नाहीत म्हणून प्लेयर परत दिला. तिसऱ्या दिवशी मी जेवताना भाषण केलं. मी तेव्हा वर्गाची कॉम्प्युटर मॉनिटर झाले होते आणि मला भाषणाची सवय लागली होती. मी म्हटलं, पप्पा, चार रस्ते आहेत. एक, दुसरा प्लेयर घ्यायचा, तो जुनाच मिळणार आणि तोही मरणार. दोन, मोबाइलवर गाणी लावायची, पण अर्ध्या दाढीत जाहिरात लागते आणि तुमच्या निम्म्या सीड्या तिथं नाहीतच. तीन, मोठी हार्डडिस्क, ती महाग आणि तिला कॉम्प्युटर लागतो. चार, सगळ्या सीड्या एका पेनड्राइव्हमध्ये भरायच्या आणि पेनड्राइव्ह स्पीकरला लावायचा. सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सोपं, आणि भिंत मोकळी. भिंतीवर मोठा आरसा.

आरशाचं ऐकून मम्मीनं भाजी वाढायची थांबवली. ती दहा वर्षं त्या आरशासाठी बोलत होती.

पप्पांनी एवढंच विचारलं, की एक्केचाळीस जाईल का त्यात. मी म्हटलं, पप्पा, चारशे एक्केचाळीस जातील.

एक्केचाळीसचंच विचारायला कारण होतं. ती दुकानात मिळणारी सीडी नव्हती. कारखान्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा कामगारांच्या भजनी मंडळानं ती काढली होती. शंभरएक कॉप्या, त्याही वाटून संपलेल्या. तिसरं गाणं म्हणजे कारखान्यातल्या एका फिटरनं स्वतः रचलेलं भजन, देवाच्या काट्यावर आपलं वजन किती भरेल अशा अर्थाचं. मोबाइलवर शोधलं तर देवही मिळायचा आणि काटाही मिळायचा, पण दोन्ही वेगवेगळे.

सीडी घालायची सोय असलेला कॉम्प्युटर आता कुणाकडं नव्हता. तो दिला हावळ सरांनी. शाळेनं काढून टाकलेला, माझ्यापेक्षा वयानं मोठा. सर आम्हाला कॉम्प्युटर शिकवायचे. लॅबमध्ये बारा कॉम्प्युटर, त्यातले चालू पाच, आणि एकेकावर सहा मुली. त्यामुळं सरांचा एकच नियम होता. कॉम्प्युटरनं काहीही विचारलं तर 'येस' दाबायचं. 'नो' दाबलं की तो अडकतो, आणि तो अडकला की सरांना खुर्चीतून उठावं लागतं.

दीड महिना मी शाळेतून आले की सीड्या भरायचे. एक घालायची, पाच-सहा मिनिटं थांबायचं, गाणी आत आली की ती पेनड्राइव्हवरच्या 'पप्पा' नावाच्या खणात, म्हणजे फोल्डरमध्ये, ढकलायची, दुसरी घालायची. नेट नसल्यामुळं कॉम्प्युटर गाण्यांना स्वतःच नावं द्यायचा. ट्रॅक एक, ट्रॅक दोन, ट्रॅक तीन. प्रत्येक सीडीला तीच. दुसऱ्या सीडीपासून तो मला विचारायला लागला, की या नावाचं इथं आधीच एक आहे, त्याच्या जागी हे ठेवू का? मी म्हटलं, बघा, किती अदबीनं विचारतोय. येस. सगळ्यांसाठी हेच करू का? येस. तीनशे सतरा वेळा त्यानं मला विचारलं आणि तीनशे सतरा वेळा मी त्याला परवानगी दिली.

मधे एकदा मी खण उघडून बघितला. चोवीस ओळी दिसल्या. मला वाटलं, हे बरोबरच आहे, एकेका ओळीखाली बाकीची गाणी रचून ठेवली असणार, मांडणीत सीड्या असतात तशी. आणि पेनड्राइव्ह तर जवळजवळ रिकामा होता. हे मी घरात, दुकानात, वर्गात सगळ्यांना सांगितलं. तीनशे अठरा सीड्या भरल्या तरी अजून रिकामा. तंत्रज्ञान कुठल्या कुठं गेलंय बघा. सगळे माना डोलवायचे. हावळ सरांनीसुद्धा डोलवली.

गुरुवारी सगळं संपलं. सरांनी कॉम्प्युटर साफ करून परत नेला. डब्या भंगारात गेल्या. आणि सीड्या न्यायला दानोळीहून आनंदामामा आला.

मामा म्हणजे मम्मीचा भाऊ. त्याचा शाळू, म्हणजे हिवाळ्यातली ज्वारी, नुकताच दुधात आला होता आणि त्या दिवसांत पाखरं रानावर नुसती तुटून पडतात. मामाचा उपाय एकच, चमचमतं काहीतरी बांधायचं. पप्पांच्या कॅसेटी होत्या तेव्हा त्यानं त्यांच्या फिती बांधल्या होत्या. आता त्यानं तीनशे अठरा सीड्या खताच्या दोन पोत्यांत ओतल्या, ओतल्याचा आवाज पप्पांनी पाठ फिरवून ऐकला, आणि मामा म्हणाला, दाजी, तुमच्या संगीतावर माझं रान पोसतंय बघा.

शनिवारी आरसा लागला. रविवारी सकाळी आठ वाजता मी बटण दाबलं.

"कास कोमट पाण्यानं धुवावी," स्पीकर सांगत होता. "हात कोरडे असावेत."

बाकावरचे सहा जण नव्या आरशात एकमेकांकडं बघत होते. मी पुढचं दाबलं. वैरण किती द्यावी. त्याच्या पुढचं. गाभण म्हशीचा व्यायाम. ही तीनशे अठरा नंबरची सीडी, मामानंच दिलेली. एका पशुखाद्यवाल्यानं मेळाव्यात फुकट वाटली होती, आणि पप्पांनी ती टाकायची कशी म्हणून नंबर देऊन ठेवली होती. मी दाबत गेले. चौदा प्रकरणं म्हशीची. पंधरावं दाबलं तर एकदम लग्नातला बँड, सोळावं कुठल्यातरी गझलेचं, सतरावं लहान मुलांचं, असं करत चोविसावं, आणि चोविसाव्यानंतर पुन्हा, "नमस्कार, पशुपालक बंधूंनो."

पप्पांचा हात थांबला नव्हता. गाणं नसताना त्यांनी सरांचा उजवा गाल करून टाकला होता. बाकावरचे एक आजोबा म्हणाले, ते वैरणीचं परत लाव की बाळ, माझं ऐकायचं राहिलं.

पप्पांनी विचारलं, "काय झालं गं?"

मी म्हटलं, पेनड्राइव्ह खराब निघाला वाटतं. कंपनीचाच दोष. आजकाल काही खरं नाही. हे सगळं मी फार छान आवाजात म्हटलं. सरांनी फेसातूनच हात पुढं केला. दे, म्हणाले, उद्या लॅबमध्ये घालून बघतो, काय झालंय ते लगेच कळतं.

तेवढ्यात दारात स्कूटर थांबली आणि मागून नाना उतरले. नवं धोतर, नवा कोट, खांद्यावर अजून न बांधलेला फेटा. आणि गालांवर खुरटी पांढरी दाढी, प्लेयर मेल्यापासून मुलगा ती नुसती लांबून कात्रीनं कापत होता. नातीचं लग्न होतं. दुपारी बारा पस्तीसचा मुहूर्त, सांगली रोडच्या कार्यालयात. मुलगा आत येऊन सांगत होता, की नाना चार दिवस कुणाला गालाला हात लावू देत नाहीत, म्हणतात रविवारी सदाकडंच, म्हणजे पप्पांकडं, करणार, नितळ. दाढी झाल्याशिवाय मांडवात पाऊल टाकणार नाही, असं त्यांनी व्याह्यांनाही कळवलंय.

नाना बाकावर बसले. बाक हलायला लागला. त्यांनी स्पीकरकडं बोट करायचा प्रयत्न केला.

"सदा, ह्यात हाय का माझं?"

पप्पांनी माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं, आणि आरसा नवा आणि मोठा असल्यामुळं ते बघणं मला समोरूनही आलं आणि बाजूनंही आलं. मला अजून म्हणता आलं असतं, की पेनड्राइव्ह खराब आहे. उद्यापर्यंत तेच खरं राहिलं असतं. पण नानांना उद्या चालणार नव्हता.

"नाही," मी म्हटलं. "पेनड्राइव्ह चांगला आहे. मीच पुसलं. एक्केचाळीस पण पुसलं. सगळंच पुसलं."

मग मी सगळं सांगितलं. ट्रॅक एक, ट्रॅक दोन, तो प्रश्न, आणि प्रत्येक नवी सीडी आधीच्या सीडीला कशी पुसत गेली ते. हावळ सर खुर्चीत उठून बसले.

"अगं, त्या प्रश्नाला तू 'येस' दाबलंस?"

"सर, तुम्हीच सांगितलंय."

सर परत मागं टेकले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. फेस वाळत होता. बाकावर कुणी हसलं नाही. मला वाटतं ते म्हशीला हसून दमले होते.

पप्पांनी वस्तरा पुसला, घडी केला आणि लाकडी पेटीत ठेवला. पेटीत वाटी, ब्रश, तुरटी, टॉवेल. मला वाटलं दुकान बंद करतायत. पप्पांनी विचारलं, "सर, तुमच्या गाडीत सीडी वाजते न्हवं?"

सरांची गाडी बारा वर्षांची होती. वाजत होती.

पाच मिनिटांत आम्ही दानोळीच्या रस्त्यावर होतो. सर गाडी चालवत होते, एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर वाळलेला फेस, गळ्यात आमचा टॉवेल. शेजारी नाना. मागं पप्पा, पेटी आणि मी. नानांच्या मुलाला पप्पांनी कार्यालयात पाठवलं होतं, भटजींना जरा हळू घ्यायला सांगायला. मला रागवून घ्यायची फार घाई झाली होती. शेवटी पप्पा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "एकदा तरी वाजवून बघितलंस का गं?"

"बघितलं होतं. पहिली सीडी भरली त्या दिवशी."

"मी पातं रोज बघतो. बोटावर," पप्पा म्हणाले. "तीस वर्षं झाली." आणि पुन्हा बाहेर बघायला लागले. त्यापेक्षा रागवले असते तर बरं.

मामाचं रान मी लांबूनच ओळखलं. ओळखलं म्हणजे डोळे दिपले. दीड एकर शाळू, त्यात बांबू रोवलेले, बांबूंना सुतळ्या, आणि सुतळ्यांवर तीनशे अठरा सीड्या वाऱ्यावर गरगरत होत्या. उन्हाचे तुकडे शाळूवरून पळत होते. एकही पाखरू नव्हतं. मामा बांधावर उभा राहून ते वैभव बघत होता. आम्हाला बघून खूश झाला, आणि काय पाहिजे ते ऐकून खाली बसला.

त्याचं म्हणणं, यातली एक सीडी काढली की तिथनं दहा चिमण्या शिरणार, आणि आपण तर एक शोधायला सगळ्या हलवणार. पप्पा म्हणाले, फक्त एक काढायची. मामानं विचारलं, कशी दिसते. पप्पा म्हणाले, कारखान्याच्या धुराड्याचं चित्र आहे.

मग आम्ही चौघं शाळूत शिरलो. सीडी शोधणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. एक तर ती कधी स्थिर राहत नाही. चित्राची बाजू समोर आली म्हणून बघावं, तोवर ती फिरून डोळ्यांत ऊन मारते. शाळू माझ्या डोक्याच्या वर. पानं कापत होती. मी एक ओळ धरून चालले होते आणि प्रत्येक सीडीला हातात धरून थांबवत होते. देव, नटी, लग्न, देव, बासरीवाला, देव. शेजारच्या ओळीतून हावळ सरांचा आवाज यायचा, की इथं एकाखाली एक तीन देव आहेत, पुढं चला. मामा प्रत्येक हलणाऱ्या सुतळीमागं ओरडत होता. बांधावर नाना एका प्लास्टिकच्या खुर्चीत बसून वाट बघत होते आणि खुर्ची बारीक कडकड वाजत होती.

साडेदहा झाले. पावणेअकरा.

मला ती सापडली विहिरीकडच्या टोकाला. धुराडं अर्धं उरलं होतं. मामानं तिथं सुतळी संपल्यावर बाइंडिंगची तार वापरली होती, आणि वाऱ्यानं तारेचं टोक सीडीच्या पोटावर घासलं होतं. एक सरळ, खोल ओरखडा. मी ती फ्रॉकला पुसली. ओरखडा पुसला गेला नाही. मी कुणाला न दाखवता पप्पांच्या हातात दिली, आणि पप्पांनी बघून, कुणाला न दाखवता, गाडीत घातली.

नानांची खुर्ची गाडीच्या उघड्या दारापाशी आणली. पप्पांनी विहिरीच्या पाण्यात ब्रश बुडवला, फेस केला, पातं घातलं, बोटावर बघितलं. मी फोन काढला होता, मम्मीचा. मी सीडी चालू होतानाच रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. नंतर सगळ्यांना वाटलं की ही माझी हुशारी. हुशारी नव्हती. मला वाटलं, ही सीडी आज शेवटचीच वाजणार आणि उरलेलं सगळं मी पुसलंय, तर निदान एवढं तरी.

"तिसरं," पप्पा म्हणाले.

गाण्यातली बाजाची पेटी वाजली. मग मृदंग. मग तो फिटरचा आवाज, जरा नाकातला. नानांनी डोळे मिटले. हात मांडीवरून जरासे वर उचलले गेले आणि तिथंच थांबले. मान ताठ झाली. पप्पांनी उजवा गाल घेतला. शाळूची सळसळ आणि वस्तऱ्याची खरखर, एवढंच.

आणि दुसऱ्या कडव्यात गाणं अडकलं.

"देवा तुझ्या काट्यावर," फिटर म्हणाला. "देवा तुझ्या काट्यावर. देवा तुझ्या काट्यावर. देवा तुझ्या काट्यावर."

सरांनी बटणाकडं हात नेला. पप्पांनी नुसती मान हलवली, नको. कारण नाना हलले नव्हते. ते तसेच बसले होते, हात अधांतरी, कान गाडीकडं लागलेला, पुढचा शब्द येईल म्हणून. पप्पांनी डावा गाल घेतला. देवा तुझ्या काट्यावर. गळा घेतला. देवा तुझ्या काट्यावर. पाखरांना तोवर कळलं होतं, की आम्ही एक जागा मोकळी केली आहे. साळुंक्यांचा एक थवा आला आणि मामा जीव तोडून ओरडला, हाऽऽ हुर्र. नाना हलले नाहीत. हनुवटी झाली. पप्पांनी खिशातून छोटी कात्री काढली. इतक्या वर्षांत मी त्यांना नानांपुढं कात्री काढताना बघितलं नव्हतं. उजवी मिशी. देवा तुझ्या काट्यावर. मग डावी मिशी. पप्पा मागं सरून बघायचे, पुन्हा पुढं यायचे, एक केस कापायचे, पुन्हा मागं. घाई अशी नव्हतीच. अकरा मिनिटं झाली होती.

पप्पांनी तुरटी फिरवली आणि मानेनं खूण केली. सरांनी गाणं बंद केलं.

नानांनी डोळे उघडले. हात खाली आले आणि मांडीवर पुन्हा हलायला लागले. त्यांनी पप्पांकडं नाही, गाडीकडं बघितलं.

"पुढं का गेलं न्हाई?" ते म्हणाले. "मी थांबलो हुतो."

पप्पांनी विचारलं, कशासाठी थांबला होता नाना?

"टाळ माझा हाय की त्यात. शेवटाला, गाणं पळतं तवा. तोवर हात धरून ठेवायचा असतोय. आधी वाजला तर बुवा शिव्या घालायचा." त्यांनी दोन्ही हात उचलून दाखवले, तसे अधांतरी, आणि ते हलत होते. "चौदा वर्षं ऐकतोय तुझ्याकडं. एकदाबी आधी वाजवला न्हाई."

पप्पा ब्रश धुवत होते. ते बराच वेळ धुवत राहिले. मी नानांसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, नाना, ते शेवटचं आता नाही वाजणार. ओरखडा पडलाय. माझ्यामुळं.

नानांनी माझ्याकडं बघितलं. मग गाडीच्या आरशात वाकून स्वतःकडं बघितलं. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. चौदा वर्षांत पहिल्यांदा दोन्ही मिशा सारख्या होत्या.

"असू दे," ते म्हणाले. "वाजवायचं अजून राह्यलंय, असं समजायचं. चला, मुहूर्त जाईल."

आम्ही बारा वीसला कार्यालयात पोचलो. नानांचा फेटा बांधायला तिघं लागले. फोटोत त्यांचे हात पुसट आलेत, पण तोंड अगदी स्वच्छ आहे. त्यांच्या मागं हावळ सर उभे आहेत, एका गालावर फेस.

शाळू निघाल्यावर मामानं सीड्या परत केल्या, एकही कमी नाही. सरांचा कॉम्प्युटर परत आणून मी सगळ्या पुन्हा भरल्या. यावेळी प्रत्येक सीडीचा वेगळा खण, खणाला तिचा नंबर, आणि नंबरापुढं माणसाचं नाव, पप्पांना विचारून विचारून. आठवड्याला एकदा कुठलंही एक गाणं काढून वाजवून बघायचं. सत्तेचाळीस सीड्या वाजल्याच नाहीत. बाकीचं सगळं मम्मीच्या जुन्या फोनमध्ये एका मेमरी कार्डावर आहे, फोनला नेट नाही, त्यामुळं जाहिरात नाही, आणि पप्पा नंबर लिहून स्वतःच शोधतात. दुसरी कॉपी पेनड्राइव्हवर, मामाच्या कपाटात. म्हशीची सीडीही भरली आहे, ते वैरणीवाले आजोबा मागतात. शाळेत सरांनी नियम बदलला. आता कॉम्प्युटरनं काही विचारलं तर आधी हात वर करायचा. सरांना दिवसभर उठावं लागतं.

एक्केचाळीसची चांगली कॉपी मी अजून शोधतेय. भजनी मंडळातल्या सात जणांच्या घरी जाऊन आले, फिटरच्या मुलीलाही पुण्याला फोन केला. नाही मिळाली.

त्यामुळं दर रविवारी नऊ वाजता पप्पा तेच लावतात, मी रानात फोनवर घेतलेलं, अकरा मिनिटांचं. शाळू सळसळतो, फिटर अडकतो, नाना हात अधांतरी धरून थांबतात. सहाव्या मिनिटाला मामा ओरडतो, हाऽऽ हुर्र, बाकावरचं नवीन गिऱ्हाईक दचकतं, आणि नाना डोळे न उघडता हनुवटी वर करतात.